वाढीच्या वयातले जलतरणपटू, पायांची ताकद आणि गुडघे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोहणाऱ्या मुलामुलींचे पालक, त्यांचे कोच आणि कधीकधी ती मुलं स्वतः जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचलं तरी चालेल. जिथे दुसऱ्या उत्तराची गरज लागते, तिथे त्याचा क्रमांक दिला आहे. गुडघा सुजला असेल, अडकत असेल किंवा मूल लंगडत असेल, तर आधी प्रश्न १५ आणि १६ वाचा. बाकीचं नंतर.

१. वयात येणं नेमकं कधी सुरू होतं? मुलीला अजून पाळी आलेली नाही, म्हणजे ती वयात आलेली नाही असंच ना?

नाही. पाळी हा वयात येण्याच्या प्रवासातला बराच उशिराचा टप्पा आहे. मुलींमध्ये सुरुवात साधारण ८ ते १३ वर्षांच्या दरम्यान होते आणि छातीची वाढ हे बहुधा पहिलं लक्षण असतं. मुलग्यांमध्ये सुरुवात ९ ते १४ वर्षांच्या दरम्यान होते.

गुडघ्यांसाठी महत्त्वाचं असतं ते उंची सर्वांत वेगाने वाढते ते वर्ष. मुलींचं ते सरासरी १२व्या वर्षाच्या आसपास येतं, मुलग्यांचं १४व्या. त्या एका वर्षात मुली साधारण ८ सेंटीमीटर आणि मुलगे ९ ते १० सेंटीमीटर वाढतात. पाळी बहुधा हा वेग ओसरायला लागल्यावर येते. त्यामुळे पाळी आल्यावर गुडघ्यांची काळजी घेऊ असं ठरवलंत, तर जपण्याचा काळ बराचसा निघून गेलेला असेल.

हे आकडे सरासरीचे आहेत. एकाच गटात शेजारी शेजारी पोहणाऱ्या १३ वर्षांच्या दोन मुलांपैकी एकाला मिसरूड फुटलेलं असतं आणि दुसरा अजून लहान मूल दिसतो. दोघांची जन्मतारीख एक असली तरी शरीरं एका वयाची नसतात, आणि मला येणाऱ्या निम्म्या प्रश्नांचं मूळ या गोष्टीकडे झालेल्या दुर्लक्षात असतं.

२. उंची वाढताना गुडघाच का दुखतो? कोपर का नाही दुखत?

कारण पायाची लांबी मुख्यतः गुडघ्याजवळ तयार होते. वाढत्या हाडाच्या टोकाशी एक कोवळी पट्टी असते, तिला ग्रोथ प्लेट म्हणतात. मांडीच्या हाडाची सुमारे ७० टक्के वाढ त्याच्या गुडघ्याकडच्या टोकातून होते. नडगीच्या हाडाची निम्म्याहून अधिक वाढसुद्धा गुडघ्याकडूनच होते. हाताचं बरोबर उलट आहे. तिथे बहुतेक वाढ खांद्याकडे आणि मनगटाकडे होते, कोपराकडे कमी.

हाड आधी लांबतं. त्याला धरून असलेले स्नायू आणि कंडरा (स्नायू हाडाला जोडणारे चिवट दोर) मागून जुळवून घेतात. मधल्या काळात मांडीपुढचा स्नायू दोरी ताणल्यासारखा होतो आणि गुडघ्याची वाटी व तिच्याखालची कंडरा जास्त जोराने खेचली जाते.

वाढीलाही एक क्रम असतो. आधी पावलं वाढतात, मग नडगी, मग मांडी आणि शेवटी धड. मुलाच्या चपला-बूट एकाएकी लहान व्हायला लागले, तर पुढचे काही महिने गुडघ्यांकडे लक्ष ठेवायचे आहेत असं समजा.

३. सहा महिन्यांत मुलगा केवढा उंच झाला, पण किक ढेपाळली आहे. कोच म्हणतात आळशी झालाय. खरंच आळस आहे का?

बहुतेक वेळा नाही. पायांची ताकद उंचीच्या मागून येते. उंचीचा वेग शिगेला पोचल्यानंतर साधारण सहा महिने ते वर्षभराने ताकद सर्वांत झपाट्याने वाढते. तोपर्यंत पाय लांब आणि जड झालेले असतात, पण त्यांना हलवणारे स्नायू अजून तेवढे भरलेले नसतात. जुन्या लांबीच्या पायांवर बसलेली लय नव्या पायांना लागू पडत नाही. टर्नला भिंत जवळ येते किंवा लांब राहते, उडी घेताना पाय उशिरा सुटतात, किकचा ठेका चुकतो.

हा काळ तात्पुरता असतो. सगळ्याच मुलांना तो जाणवतो असंही नाही. काहीजण अडखळल्याशिवाय पुढे जातात. ज्यांची वेळ काही महिने जागच्या जागी अडकते, त्यांना शिक्षा म्हणून किकचे जादा सेट देणं हा सर्वांत वाईट उपाय आहे. ताणलेल्या कंडरांवर नेमका तोच भार वाढतो. या काळात किकचं अंतर कमी करा, तंत्रावर वेळ द्या आणि ताकद जमिनीवर वाढवा (प्रश्न ११). मुलाला मात्र स्पष्ट सांगा की त्याचं शरीर बदलतंय आणि यात त्याचा काही दोष नाही. या वयात पोहणं सोडून देणाऱ्या मुलांशी बोललं की कळतं, त्यांतल्या कित्येकांना हे वाक्य कुणी म्हटलेलंच नसतं.

४. मुलग्यांचे पाय वयात आल्यावर दणकट होतात. मुलींमध्ये तसं का होत नाही?

मुलग्यांमध्ये टेस्टोस्टेरॉन अनेक पटींनी वाढतं, त्यामुळे स्नायू भरतात आणि ताकदीची एक ठळक उसळी दिसते. मुलींची ताकदही वाढते, पण हळूहळू, आणि त्याच वेळी इस्ट्रोजेनमुळे शरीरातल्या चरबीचं प्रमाण वाढतं व ओटीपोटाचा घेर रुंदावतो. वजन आणि पायांची लांबी वाढते, त्या मानाने ते पेलणारी ताकद आपोआप येत नाही.

आणखी एक फरक आहे. अनेक मुलींमध्ये मांडीपुढचे स्नायू जेवढे बळकट होतात, तेवढे मांडीमागचे, म्हणजे हॅमस्ट्रिंग, होत नाहीत. उडी मारून खाली येताना गुडघे आत, एकमेकांकडे झुकण्याची सवयही याच वयात दिसायला लागते. हे सगळं व्यायामाने बदलता येतं. मुलींच्या पायांची ताकद मेहनतीला छान दाद देते. पण मुलग्यांना जे थोडंफार आयतं मिळतं, ते मुलींनी ठरवून कमवावं लागतं. म्हणून जमिनीवरच्या व्यायामाचा वेळ कमी पडला तर तो मुलींच्या वाट्याचा कापू नका.

५. पोहणं सांध्यांसाठी सर्वांत सुरक्षित असतं ना? मग गुडघ्याचा प्रश्न येतोच कुठून?

पाणी धक्का काढून टाकतं, हे खरं. धावण्या-उड्या मारण्याच्या खेळांतल्या कित्येक दुखापती पाण्यात होतच नाहीत. पण पाण्यात एकच हालचाल हजारो वेळा होते आणि पोहणाऱ्यांमध्ये खांद्याखालोखाल दुखण्याची तक्रार गुडघ्याची असते. त्यांतला मोठा वाटा ब्रेस्टस्ट्रोकचा (प्रश्न ६). शिवाय प्रत्येक टर्नला भिंतीवर पाय रोवून खोल वाकलेल्या गुडघ्यातून जोर काढावा लागतो. एका सरावात असं किती वेळा होतं, ते मोजून पाहा.

दुसरी बाजू क्वचित बोलली जाते. हाडांना मजबूत व्हायला धक्का लागतो, आणि तो पाण्यात मिळत नाही. फक्त पोहणाऱ्या मुलांच्या हाडांची घनता उड्यांचे, धावण्याचे खेळ खेळणाऱ्यांपेक्षा कमी आढळते. प्रौढपणी हाडांत जेवढी खनिजं असतात, त्यांतला सुमारे चौथा हिस्सा उंचीच्या झपाट्याच्या आसपासच्या दोन वर्षांत जमा होतो. ही दोन वर्षं मूल फक्त पाण्यात असेल, तर ती संधी पुन्हा तशी येत नाही.

६. माझ्या मुलीला फक्त ब्रेस्टस्ट्रोकनंतर गुडघ्याच्या आतल्या बाजूला दुखतं. असं का?

या दुखण्याला ब्रेस्टस्ट्रोकरचा गुडघा असंच नाव आहे. किकच्या सुरुवातीला गुडघे वाकलेले आणि पावलं बाहेर वळलेली असतात. तिथून पाय गोलाकार फेकत सरळ होतात आणि एकत्र येतात. या फेकीत नडगी बाहेरच्या बाजूला फिरते, गुडघा आत ढकलला जातो आणि आतल्या बाजूचं लिगामेंट (दोन हाडांना जोडणारा बंध) प्रत्येक किकला ताणलं जातं. गुडघा मुळात दाराच्या बिजागरीसारखा, पुढेमागे हलायला बनलेला आहे. फिरवण्याचं काम खुब्याचं. खुबा पुरेसा आत वळत नसेल, तर पाऊल बाहेर काढण्यासाठी लागणारा सगळा पीळ गुडघ्यावर येतो.

वयात येताना यात भर पडते. नडगी लांब झाली की पाण्याचा रेटा गुडघ्यापासून जास्त लांबवर बसतो आणि पीळ वाढतो. खुब्याभोवतीचे स्नायू आखडतात. किक आवरणारी ताकद अजून आलेली नसते. दोन वर्षांपूर्वी जी किक सहज खपून जायची, तीच आता दुखायला लागते, आणि पालक मला विचारतात, तंत्र तर तेच आहे, मग आताच का? तंत्र तेच असलं तरी पाय बदलले आहेत.

किक सुरू होताना मांड्या किती उघडल्या आहेत, यालाही महत्त्व आहे. ब्रेस्टस्ट्रोक पोहणाऱ्यांच्या चित्रीकरणावरून झालेल्या जुन्या अभ्यासात खुबे ३७ अंशांपेक्षा कमी किंवा ४२ अंशांपेक्षा जास्त उघडणाऱ्यांमध्ये गुडघेदुखी बरीच जास्त दिसली होती. तलावाच्या काठावर कोनमापक घेऊन कुणी बसत नाही, पण मागून मोबाइलवर काढलेल्या चित्रणात अगदी मिटलेले किंवा भलतेच फाकलेले गुडघे लगेच कळतात. सेटच्या शेवटच्या दोन लॅप मुद्दाम बघा. दमल्यावर जी किक दिसते तीच दुखवणारी असते.

दुखण्याची जागाही सांगून जाते. आतल्या बाजूला, सांध्याच्या रेषेजवळ दुखत असेल तर वरचं सगळं लागू. वाटीच्या मागे किंवा भोवती दुखत असेल, जिने उतरताना किंवा बराच वेळ बसून उठताना जास्त होत असेल, तर वाटी आणि मांडीच्या हाडाच्या मधल्या सांध्यावर ताण आहे. तिथे फ्रीस्टाइलची किकसुद्धा त्रास देऊ शकते. वाटीच्या खाली हाडावरच दुखत असेल तर प्रश्न ८ पाहा.

७. मग ब्रेस्टस्ट्रोक बंदच करायचा का?

क्वचितच. दुखणं ताजं असताना ब्रेस्टस्ट्रोकची किक काही दिवस थांबवा. हातांचं काम पुल बॉय (मांड्यांमध्ये धरायचा तरंगता फोमचा तुकडा) लावून चालू ठेवता येतं. दुखणं निवळलं की थोड्या अंतरापासून सुरू करा, एक दिवसाआड, आणि ब्रेस्टस्ट्रोकचा सेट सरावाच्या सुरुवातीला थंड पायांवर ठेवू नका. वर्षातून काही आठवडे ब्रेस्टस्ट्रोकला पूर्ण सुट्टी देणं या वयात मला आवश्यक वाटतं, विशेषतः ज्यांचा तो मुख्य प्रकार आहे त्यांना. १२ वर्षांच्या मुलीला एकाच प्रकाराची जलतरणपटू म्हणून शिक्का मारण्याचं कारणही नाही.

८. वाटीच्या खाली नडगीवर टेंगूळ आलं आहे आणि दाबलं की कळ येते. हे काय असतं?

बहुधा ऑसगुड-श्लाटर. १९०३ मध्ये रॉबर्ट ऑसगुड आणि कार्ल श्लाटर या दोन डॉक्टरांनी ते वेगवेगळं नोंदवलं, म्हणून हे नाव. वाटीखालची कंडरा नडगीच्या हाडाला जिथे चिकटते, तिथे वाढत्या वयात हाड अजून कोवळं असतं. मांडीचा स्नायू तिथे पुन्हा पुन्हा ओढतो आणि ती जागा सुजते, उंच होते. मुलींमध्ये साधारण ८ ते १३ आणि मुलग्यांमध्ये १० ते १५ या वयात हे दिसतं. अशीच ओढ वाटीच्या खालच्या टोकाला बसली तर त्याला सिंडिंग-लार्सन-योहानसन म्हणतात. तो थोड्या लहान वयाचा त्रास.

दोन्ही बहुतेक मुलांमध्ये हाडांची वाढ पूर्ण होत आली की थांबतात. टेंगूळ राहू शकतं, दुखणं राहत नाही. पूर्ण विश्रांती सहसा लागत नाही. दुखण्याला ० ते १० अशा मापात मुलाकडूनच गुण द्यायला लावा. ३ पर्यंत असेल आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पूर्ववत असेल, तर सराव चालू. त्याहून वर गेलं तर भिंतीला जोराने ढकलणं, उड्या आणि स्टार्टचा सराव कमी करा. सरावानंतर दहा-पंधरा मिनिटं कपड्यात गुंडाळलेला बर्फ लावल्याने आराम पडतो. गुडघे टेकून बसणं काही काळ टाळावं.

एक इशारा: टेंगूळ असलेल्या जागी उडी मारताना अचानक जोराची कळ आली आणि पाय सरळ करता येईना, तर ते ऑसगुड नाही असं समजून त्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरांकडे जा. तिथलं हाड सुटलेलं असू शकतं.

९. आजी म्हणते, वाढीच्या वेदना आहेत, आपोआप जातील. बरोबर आहे का?

कधी कधी. खऱ्या वाढीच्या वेदनांची खूण ठरलेली असते. त्या साधारण ३ ते १२ वर्षांच्या मुलांना होतात, दोन्ही पायांत, संध्याकाळी किंवा रात्री, मांडी-पोटरीच्या स्नायूंत. सकाळी मूल हसत खेळत उठतं. पाय चोळून दिले की बरं वाटतं. एकाच गुडघ्यात दुखत असेल, बोट ठेवून जागा दाखवता येत असेल किंवा सरावाने वाढत असेल, तर त्या वाढीच्या वेदना नाहीत. आजीचं प्रेम खरं, निदान मात्र तपासून घ्या.

१०. मुलींचं एसीएल लवकर फाटतं असं ऐकलं. पोहणाऱ्या मुलींनाही तेवढाच धोका आहे का?

पाण्यात जवळजवळ नाही. गुडघ्याच्या मधोमध असलेलं हे लिगामेंट बहुधा धावताना अचानक दिशा बदलताना किंवा उडीनंतर पाय टेकताना फाटतं. अशा खेळांत वयात आलेल्या मुलींना हा धोका मुलग्यांच्या कित्येक पट असतो, आणि तो साधारण १२-१३ वर्षांनंतर चढायला लागतो. कारणं प्रश्न ४ मध्ये आली आहेत.

पोहणाऱ्या मुलींसाठी अडचण वेगळी आहे. त्या शाळेत बास्केटबॉल, फुटबॉल, हँडबॉलही खेळतात. दम आणि खांदे इतके तयार असतात की त्या मैदानावर बराच वेळ टिकतात, पण उडी मारून नीट खाली यायची सवय त्यांच्या पायांना नसते. आठवड्याचे बारा तास पाण्यात काढणाऱ्या मुलीला जमीन परकी होते. तेव्हा जलतरणाच्या सरावातच उडी टेकण्याचं शिक्षण हवं, ती दुसरा खेळ खेळो वा न खेळो. अशा प्रकारचे १०-२० मिनिटांचे व्यायाम आठवड्यातून दोन-तीनदा नियमित केल्याने मैदानी खेळांत गुडघ्याच्या दुखापती घटतात, हे अनेकदा तपासलं गेलं आहे. हंगामात चार दिवस करून सोडलं तर उपयोग नाही.

११. नेमके कोणते व्यायाम करायचे? आणि वजन उचललं तर उंची खुंटते, त्याचं काय?

उंची खुंटत नाही. देखरेखीखाली, नीट तंत्राने केलेला ताकदीचा व्यायाम ग्रोथ प्लेटला इजा करत नाही. इजा झाल्या त्या बहुधा लक्ष ठेवायला कुणी नसताना, ताकदीबाहेरचं वजन घेऊन. ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी आठवड्यातून किमान तीनदा स्नायू व हाडं बळकट करणाऱ्या हालचाली कराव्यात, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. वयात येण्याआधीही ताकद वाढते. तेव्हा स्नायू फारसे फुगत नाहीत, मेंदू आणि नसा त्यांना जास्त चांगलं कामाला लावायला शिकतात.

मी ज्यांना सुरुवात करून देतो, त्यांना हे देतो:

- खुर्चीवर टेकेपर्यंत उठाबशा, आरशासमोर. गुडघा पावलाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहिला पाहिजे. आत गेला की मोजणी थांबली.
- पाठीवर झोपून, पाय दुमडून कमर उचलणं. जमायला लागलं की एका पायावर.
- कमी उंचीच्या पायरीवरून एका पायाने अगदी हळू उतरणं.
- घोट्यांभोवती रबरी बँड घालून बाजूला चालणं. खुब्याच्या बाहेरच्या स्नायूंसाठी.
- गुडघ्यांमध्ये चेंडू धरून दाबणं. ब्रेस्टस्ट्रोकवाल्यांनी हा चुकवू नये, त्यांच्या जांघेतले स्नायू फार राबतात.
- गुडघ्यांवर उभं राहून, मित्राने घोटे धरलेले असताना शरीर सावकाश पुढे झुकवणं. हॅमस्ट्रिंगसाठी याच्याइतका साधा आणि कठीण व्यायाम दुसरा नाही. पहिल्या आठवड्यात चार-पाच पुरेत.
- छोटी उडी मारून आवाज न करता खाली येणं. मुलांना एवढंच सांगा, जमिनीला कळता कामा नये. गुडघे आपोआप वाकतात.

प्रत्येकाचे एक ते तीन सेट, ६ ते १५ वेळा, आठवड्यातून दोन-तीन दिवस. शेवटची खेपही पहिल्यासारखी दिसली तरच वजन वाढवा, तेही थोडंथोडं. शक्यतो पोहण्याआधी किंवा वेगळ्या वेळी करा. ब्रेस्टस्ट्रोकच्या दमवणाऱ्या सेटनंतर थरथरत्या पायांनी उड्या मारायला लावू नका.

१२. उंचीचा झपाटा सुरू झाला हे घरी कसं ओळखायचं? आणि कोचने सरावात काय बदलायचं?

भिंत, टेप आणि वही एवढं पुरतं. दर महिन्याला ठरलेल्या दिवशी, सकाळच्या वेळी, अनवाणी उंची मोजा. सकाळीच, कारण दिवसभरात पाठीचा कणा दबून उंची सेंटीमीटरभर कमी भरते. एका महिन्याच्या आकड्यावर जाऊ नका, तीन महिन्यांचा फरक बघा. महिन्याला ०.६ सेंटीमीटर किंवा त्याहून जास्त अशी गती दिसली, की झपाटा सुरू आहे असं धरा. बसलेली उंचीही मोजलीत तर आणखी कळतं: पाय भराभर वाढतायत आणि धड मागे आहे, म्हणजे झपाट्याची सुरुवात. धड वाढायला लागलं, म्हणजे शिखर जवळ आलं किंवा मागे पडलं.

कोचने या काळात पोहण्याचं एकूण अंतर वाढवू नये. किक, स्टार्ट आणि ब्रेस्टस्ट्रोक एकाच दिवशी ठासून भरू नयेत. आणि वर्ग वयाप्रमाणे पाडले असले, तरी जमिनीवरचा व्यायाम वाढीच्या टप्प्याप्रमाणे द्यावा.

१३. मी १३ वर्षांचा आहे. आधी पाय सहज वाकायचे, आता लाकडासारखे झालेत. रोज जोरजोरात ताणू का?

ताण, पण जोरजोरात नको. तुझी हाडं सध्या पुढे पळतायत आणि स्नायू मागून येतायत. सरावानंतर, अंग गरम असताना, मांडीपुढचा, मांडीमागचा आणि पोटरीचा स्नायू प्रत्येकी अर्धा मिनिट हळू ताण. ओढ जाणवली पाहिजे, कळ नको. टाच धरून मांडीपुढचा स्नायू ताणताना वाटीखाली दुखलं, तर तो प्रकार सोड आणि प्रश्न ८ वाच. कुणी मित्राला पाठीवर बसवून पाय दाबून घेऊ नकोस, आणि पावलं बाहेर काढून गुडघ्यांवर बसण्याची पैज तर अजिबात लावू नकोस. त्यात ब्रेस्टस्ट्रोकसारखाच पीळ गुडघ्याला बसतो, वर शरीराचं वजन.

१४. फिन्स, नीकॅप, टेप यांचा काही उपयोग?

फिन्स गुडघ्यावरचा भार वाढवतात, त्यामुळे दुखत असताना काढून ठेवा. बरं असतानाही झपाट्याच्या काळात आखूड फिन्स आणि कमी अंतर. टेपने किंवा वाटीखालच्या पट्ट्याने काहींना तात्पुरता आराम पडतो, लावायला हरकत नाही. पण पट्टा लावून दुखणं दाबायचं आणि सराव तेवढाच ठेवायचा, असं करू नका.

१५. डॉक्टरकडे कधी जायचं? प्रत्येक दुखण्याला धावायचं नाही, पण उशीरही नको.

त्याच दिवशी जा, जर इजेनंतर गुडघा काही तासांत टम्म सुजला, पायावर भार देता येत नसेल, गुडघा पूर्ण सरळ होत नसेल किंवा वाटी सरकल्यासारखं झालं असेल. वाढत्या वयात ग्रोथ प्लेट ही जवळच्या लिगामेंटपेक्षा कमजोर असते. मोठ्या माणसाला जिथे नुसती मुरगळ होईल, तिथे मुलाचं हाड पट्टीतून सुटू शकतं. म्हणून मुरगळलंय म्हणून मालिश करून घेऊ नका.

काही दिवसांत नक्की जा, जर गुडघा अधूनमधून अडकत असेल, इजा नसताना सूज येत असेल, किंवा भार कमी करूनही दोन-तीन आठवड्यांत फरक नसेल. एकाच बाजूचं दुखणं झोपेतून उठवत असेल, हाडावर गाठ हाताला लागत असेल, ताप किंवा वजन घटणं सोबत असेल, तर एक्स-रे टाळू नका. हाडाचा कर्करोग फार दुर्मीळ आहे, पण तो झालाच तर बहुधा याच वयात आणि गुडघ्याजवळच होतो.

१६. गुडघा दुखतो, पण गुडघ्याच्या सगळ्या तपासण्या ठीक आल्या. मुलगा लंगडतोय मात्र.

खुबा तपासून घ्या, लगेच. वाढत्या मुलांमध्ये खुब्याचं दुखणं मांडीत आणि गुडघ्यात जाणवतं. साधारण ८ ते १५ वर्षांच्या वयात मांडीच्या हाडाचा वरचा गोल ग्रोथ प्लेटवरून हळूहळू सरकण्याचा एक आजार होतो. वजन जास्त असलेल्या मुलांत तो अधिक दिसतो, पण सडपातळ मुलांनाही होतो. मूल लंगडतं, चालताना पाऊल बाहेर वळलेलं असतं, आणि पाठीवर झोपवून गुडघा छातीकडे नेला की पाय आपोआप बाहेर जातो. अशी शंका आली की मुलाला चालवू नका, आणि पाण्यात भार नसतो म्हणून पोहायलाही पाठवू नका. खुब्याचा एक्स-रे लागतो, दोन्ही बाजूंचा आणि बाजूने घेतलेलाही. वेळेत स्क्रूने गोल जागी धरला तर पुढचं नुकसान टळतं. गुडघ्याच्या दुखण्यावर आठवडेच्या आठवडे उपचार होत राहिले आणि आजार खुब्यात होता, ही चूक पुन्हा पुन्हा होते, म्हणून हा प्रश्न वेगळा ठेवला आहे.

१७. मुलीची पाळी सुरू होऊन थांबली आहे. सराव जोरात आहे म्हणून असेल, चालतं का?

चालत नाही. पाळी सलग तीन महिने चुकली, किंवा १५ वर्षं पूर्ण होऊनही आलीच नाही, तर तपासणी हवी. सरावात जेवढी ऊर्जा जाते तेवढी खाण्यातून येत नसेल, तर शरीर आधी पाळी आणि हाडांची जडणघडण यांत काटकसर करतं. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेला खेळातली सापेक्ष ऊर्जा-कमतरता असं नाव दिलं. मुलग्यांनाही ती होते, फक्त त्यांच्यात पाळीसारखी दिसणारी खूण नसते. हाडं भरण्याच्या काळात (प्रश्न ५) ही कमतरता आली, तर पायांच्या व्यायामाचा फायदाही मिळत नाही. वाढत्या मुलीला वजन कमी कर, पाण्यात हलकी होशील, असं सांगणाऱ्याला थांबवा, तो कोणीही असो.

पाळीच्या दिवसांत किक किंवा पायांचे व्यायाम बंद करण्याचं मात्र कारण नाही. तिला त्रास होत नसेल तर सगळं चालू.

१८. माझ्या मुलीचे गुडघे उभं राहिल्यावर मागे वाकतात. कोच म्हणतात हे पोहायला चांगलं. धोका आहे का?

दोन्ही खरं आहे. लवचीक घोटे आणि मागे जाणारे गुडघे किकला लांब फटका देतात, म्हणून चांगल्या पोहणाऱ्यांत ते बरेच दिसतात. पण सैल सांध्यांना आवरायला स्नायू लागतात, आणि झपाट्याच्या काळात ते मागे पडलेले असतात. अशा मुलीला गुडघ्याचं आणखी ताणणं देऊ नका. हॅमस्ट्रिंग, पोटरी आणि खुबा यांची ताकद वाढवा, आणि उभं राहताना गुडघे मागे लॉक न करण्याची सवय लावा. वाटी बाहेर सरकल्याचा अनुभव एकदा जरी आला असेल, तर फिजिओथेरपिस्टला दाखवूनच ब्रेस्टस्ट्रोक सुरू करा.

१९. दुखणं थांबून आठवडा झाला. स्पर्धा पंधरा दिवसांवर आहे. उतरवू का?

दुखणं थांबणं आणि गुडघा तयार होणं यांत अंतर असतं. मी चार गोष्टी बघतो: दोन्ही गुडघे सारखे वाकतात आणि सरळ होतात का, एका पायावर दहा उठाबशा गुडघा आत न जाता जमतात का, एका पायावरची लांब उडी दोन्ही बाजूंना जवळपास सारखी पडते का, आणि पूर्ण सरावानंतर दुसऱ्या सकाळी गुडघा शांत आहे का. चौथी गोष्ट जमली नसेल तर बाकी तीन मोजू नका. फ्रीस्टाइलमध्ये उतरवून ब्रेस्टस्ट्रोक वगळणं हा मधला मार्ग बरेचदा चालतो.

२०. मुलगा १४ पूर्ण झालाय, पण वयात आल्याची काहीच खूण नाही. बरोबरचे सगळे पुढे गेलेत. पायांचा व्यायाम आता करून उपयोग आहे का, की थांबायचं?

थांबू नका. आधी डॉक्टरांना दाखवा, कारण मुलग्यांमध्ये १४ आणि मुलींमध्ये १३ वर्षांपर्यंत एकही खूण नसेल तर एकदा तपासणं योग्य असतं. बहुतेक वेळा कारण घराण्यातलंच निघतं: वडील किंवा आईसुद्धा उशिराच वाढलेले असतात.

व्यायाम आताच सुरू करण्यात मोठा फायदा आहे. झपाटा येण्याआधी ज्याला नीट उठाबशी आणि हलकी उडी जमते, त्याचे गुडघे तो झपाटा जास्त सहज झेलतात. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. त्याचा जपण्याचा काळ १५-१६व्या वर्षी येईल, नेमका तेव्हा, जेव्हा त्याच्या वयाच्या गटाचा सराव सर्वांत कडक झालेला असतो आणि बाकीची मुलं त्यातून बाहेर पडलेली असतात. कोचला उंचीची वही आजच दाखवा, आणि ती गती वाढायला लागली की पुन्हा दाखवा.